कीर्तनाच्या वेळी बंद ठेवायची नावं

श्रावणातला मंगळवार, सप्ताहाचा चौथा दिवस, सकाळी साडेदहा. स्थळ : आमचं ऑफिस, घाटनांदूर, पिठाच्या गिरणीच्या वर. हजर : भास्करअण्णा (सप्ताह समितीचे अध्यक्ष आणि खत-बियाण्यांचे दुकानदार), समितीचे दोन सदस्य (चहा येईपर्यंत), सुदाम (आमचा लाइनमन) आणि मी. गैरहजर : रेहाना, अण्णांच्या दुकानातली हिशेबनीस. बैठक तिच्याविषयी नव्हती. पण तिथे जे ठरलं त्याने तिची एक संध्याकाळ बुडणार होती, आणि त्या संध्याकाळवर तिची नोकरी अवलंबून होती.

बैठक कोणतीही असो, मी हजर-गैरहजर लिहून ठेवते. नंतर 'मी तिथं नव्हतोच' म्हणणारे फार निघतात.

आमचा धंदा म्हणजे घरोघरी इंटरनेटची तार पोचवणं. आधी आम्ही केबल टीव्ही देत होतो. तेव्हापासून गावाचा एक रिवाज आहे : सप्ताहात संध्याकाळी सात ते नऊ कीर्तन चालतं, तेवढा वेळ गावात करमणूक बंद. केबलच्या दिवसांत हे सोपं होतं. सातला मी मशीनचा खटका खाली ओढायची, नऊला वर करायची. खटका ओढायला उशीर झाला तर कीर्तनकार महाराज मंडपातून माणूस पाठवायचे.

इंटरनेटला असा एक खटका नाही. म्हणजे आहे, पण तो ओढला तर मेडिकलची बिलं, डेअरीचा काटा आणि दवाखान्याचे रिपोर्टही बंद पडतात. म्हणून मी तार चालू ठेवते आणि नावं बंद करते. हे जरा समजावून सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

परगावचा माणूस स्टँडवर उतरतो आणि पानटपरीवर विचारतो, अमक्याचं घर कुठं. टपरीवाला हात करून दाखवतो, माणूस जातो. तुमचा फोनही हेच करतो. तुम्ही एखाद्या साइटचं नाव दाबता तेव्हा फोनला नाव माहीत असतं, पत्ता नसतो. पत्ता तो आमच्या ऑफिसातल्या एका मशीनला विचारतो. ते मशीन आमची टपरी. दिवसभर, प्रत्येक घरातून, तुमच्या नकळत ही विचारपूस चालू असते. आता टपरीवाल्याच्या हातात दोन गोष्टी येतात. एक, तो 'असं घर इथं नाही' असं तोंडावर सांगू शकतो. दोन, कोण कोणाचं घर विचारत होतं हे त्याला कळतं.

सप्ताहात मी पहिली गोष्ट वापरते. सात वाजले की मालिका, सिनेमे, गाणी यांच्या नावांना आमचं मशीन 'असं घर नाही' म्हणतं. नावांची यादी समिती देते. पहिल्या वर्षी ती छोटी होती. मग लोक कीर्तनाच्या वेळी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी चेहरा दाखवून बोलायला लागले, तेव्हा अण्णांनी सगळी नावं खोडून एकच कलम घातलं : 'ज्यात माणूस हलतो ते सर्व.' त्याचा तांत्रिक अर्थ लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

यंदा मंडप भरेना. आणि रिकामा होता तोही चमत्कारिक रीतीने.

"ताई, नव्या फोनवाल्यांची भक्ती आटलीया," अण्णा म्हणाले. "काल मी सोता मंडपात फिरून एकेकाचा फोन बघितला. समदे जुने. एक बी चकचकीत फोन न्हाई."

"भक्तीचं न्हाई ते, अण्णा," सुदाम म्हणाला. "सेटिंग हाय."

"कसलं सेटिंग बे?"

सुदामने सांगितलं ते खरं होतं. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं : सेटिंगमध्ये जा, अमुक खान्यात अमुक नाव भरा, जाहिराती बंद होतील. जुन्या फोनात तो खानाच नाही. नव्या फोनात लोकांनी नाव भरलं, जाहिराती खरंच बंद झाल्या, आणि सोबत आणखी एक झालं. तो फोन आता आमच्या टपरीवर थांबत नाही. तो प्रश्न लिफाफ्यात बंद करतो आणि दूर कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मशीनला विचारतो. लिफाफा जातो आमच्याच तारेवरून, पण आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही. कोणाचं घर विचारलं ते कळत नाही, तर 'असं घर नाही' तरी कसं सांगणार? त्यामुळे जुना फोन असलेले सातला नाइलाजाने मंडपात येत होते आणि नवा फोन असलेले घरी मालिका बघत होते.

अण्णांनी हे शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ती लांबची कंपनी कुणाची?"

"आपल्याला काय माहीत, अण्णा."

"म्हंजे गावातलं कोण काय बघतं ते तुमास्नी कळत न्हाई, पण तिला कळतं?"

"तिला कळतं. फक्त ती घाटनांदुरात चहा प्यायला येत नाही, एवढाच फरक."

"हा फरक लई मोठा हाय," पहिले सदस्य सुदामकडे बघत म्हणाले. सुदाम छताकडे बघू लागला.

त्यानंतर समितीने दोन ठराव केले. पहिला : सात ते नऊ या वेळेत लिफाफ्याची वाट गावभर बंद करावी. दुसरा : गावातलं कोण काय बघतं हे कोणालाही कळू नये, अशी व्यवस्था करावी. मी म्हटलं, दुसरी व्यवस्था म्हणजेच तो लिफाफा, जो तुम्ही पहिल्या ठरावात बंद केलात.

"पैला लोकांसाठी हाय," अण्णा म्हणाले. "दुसरा आपल्यासाठी."

दोन्ही मंजूर झाले. एक पोटकलम अण्णांनी जाताजाता जोडलं : ज्या घराची वाट चालू ठेवावी लागेल, त्याचं नाव रोज कीर्तनाआधी माइकवरून वाचून दाखवायचं. तेवढ्यात चहा आला, आणि सदस्य तो घेऊन गेले.

दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना रेहाना आली. गॅरेजवाल्या जब्बारभाईंची ही मुलगी. वाणिज्य शाखा, इंग्रजी चांगलं, अण्णांच्या दुकानातला माल आणि उधारी हिनेच संगणकावर आणली.

"ताई, सुदाममामा म्हनले सेटिंग बंद करनार. खरं हाय का?"

"खरं आहे. सात ते नऊ."

"गुरुवारी साडेसातला माझी मुलाखत हाय. पुन्याची बियान्यांची कंपनी. फोनवर, तोंड दाखवून." ती उभीच होती. "दुसऱ्यांदा बोलावनार न्हाईत. आन अण्णांना आदी कळलं तर ते मला त्याच दिवशी घरी पाठवतील. तिकडचं झालं न्हाई तर मंग इकडचं बी गेलं."

मी म्हटलं, तेवढ्यापुरतं सेटिंग काढ.

"काढलं तर माणूस हलतो ते समदं तुमच्या मशीनमधी बंदच हाय. आन काढलं की मी काय इचारते ते तुमच्या पडद्यावर दिसतं. तुमी बघत न्हाई. मामा बघतात."

ती बोलली त्याला कारण होतं. आदल्या वर्षी दुकानाच्या लाइनमध्ये बिघाड शोधताना सुदामला त्या लाइनवरून पुण्याच्या मुलींच्या हॉस्टेलची चौकशी झालेली दिसली. सुदाममध्ये दुष्टपणा काडीचा नाही. त्याने फक्त स्टँडवर उभं राहून मोठ्याने आश्चर्य व्यक्त केलं. अण्णा त्यानंतर आठवडाभर रेहानाशी पोत्यांच्या संख्येपलीकडे बोलले नाहीत. तिने तेव्हापासून लिफाफा धरला. आणि सुदामला गप्प बसायला सांगण्यातही अर्थ नाही. गप्प बसलेला सुदाम दिसला की लोक थांबून विचारतात, काय झालं.

मोबाइलची रेंज? गावभर ती अशीतशीच, मंडपातही आमचंच वायफाय लावलं आहे. जब्बारभाईंच्या गल्लीत ती गच्चीवर हात वर केला तर मिळते. मुलाखत तशी देता येत नाही.

तिचं घर वगळावं, तर ते नाव माइकवरून वाचलं जाणार. मग एकच जागा उरली.

"इथे ये," मी म्हटलं. "ऑफिसची तार मी माझ्यासाठी उघडी ठेवते, ते कोणी विचारत नाही. मागच्या खोलीत बस. पावणेसातलाच ये, सगळे मंडपाकडे चाललेले असतात."

हे सांगताना मी लिफाफ्याच्या बाजूची होते असं वाटेल. तर दुसरी बाजूही सांगते. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी आहेत. वीज बिलाच्या नावाने फसवणाऱ्या साइट फिरतात, त्यांची नावं मी कायमची बंद ठेवते. कळेल तसं नाव टाकत जाते. तलाठी साहेबांनी जाहिरातींना कंटाळून ते सेटिंग केलं, आणि त्याच आठवड्यात तशाच एका साइटवर जाऊन खातं रिकामं करून घेतलं. गावातल्या बाकी घरांना तीच साइट उघडलीच नव्हती. ते मला म्हणाले, "तुम्ही बंद केली होती ना?" मी म्हटलं, बंद होती, पण तुम्ही मला विचारलंच नाही. यावर त्यांनी जे माझ्याकडे बघितलं ते अजून विसरता येत नाही. लिफाफा चांगला की वाईट असं मला कोणी विचारलं तर मी म्हणते, तलाठी साहेबांना विचारा आणि मग रेहानाला विचारा. आणि दोघांची उत्तरं जुळली तर मला कळवा.

बुधवारी सातला मी वाट बंद केली. माझा अंदाज होता की लिफाफावाले फोन नाइलाजाने पुन्हा टपरीवर येतील. काही आले, जे फोन आपणहूनच लिफाफा वापरत होते. पण ज्यांनी खान्यात नाव भरलं होतं ते फोन हटून बसले. त्यांना लिफाफाच हवा, नाहीतर काही नको. त्यांचं सगळंच इंटरनेट गेलं. मालिका गेली, तसे पैसे देणंघेणंही गेलं. मंडपाबाहेर भेळवाल्याला कोणी पैसे देऊ शकेना. मंडपात देणगीसाठी लावलेला स्कॅनचा कागद कोणाच्या फोनात चालेना. नवे फोनवाले घराबाहेर पडले हे खरं, पण ते मंडपात गेले नाहीत. ते माझ्या जिन्यावर आले.

साडेसातला जिना भरला, आठला गिरणीसमोरचा रस्ता. एकाने त्याच्यापुरती वाट उघडायला सांगितली, मुलांची नको. त्याच्या मुलाने मागून येऊन उलटं सांगितलं. एक नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आमच्या घरी मी काय बघतो ते बायकोला कळू नये असं करा. मी हो म्हणायच्या आत त्याची बायको जिन्यावरून म्हणाली, "ताई, ह्यांचं झालं का? माझं बी तेच काम हाय." दोघांची लाइन एकच होती.

गर्दी एवढी वाढली की महाराजांनी निरोप पाठवला : श्रोते तिकडे असतील तर कीर्तन गिरणीपाशी घ्यायला आमची हरकत नाही.

अण्णा निरोप घेऊन स्वतः आले. गर्दी बघून समाधानाने म्हणाले, "बगा, लोक बाहेर पडले का न्हाई? उद्या बी असंच ठेवा. उद्या मंडपात बी येतील."

गुरुवारी पावणेसातला रेहाना आली. सुदामला मी तळवड्याच्या रस्त्यावरचा एक खांब बघायला पाठवलं होतं. खांब ठीक होता. मागच्या खोलीत जुने केबल बॉक्स रचले आहेत, त्यांच्यापुढे मी पांढरी चादर लावली, खुर्ची ठेवली. मधली भिंत प्लायवूडची आहे. साडेसातला आतून इंग्रजी सुरू झालं. जिन्यावर कोणी नव्हतं. आदल्या दिवशीच्या लोकांनी शहाणपणाने सेटिंग काढून टाकलं होतं आणि ते मंडपात होते, किंवा झोपले होते.

सात-पस्तीसला जिन्यावर पावलं वाजली. अण्णा.

"तुम्ही मंडपात नाही?" मी दारातच उभी राहिले.

"बंद बराबर हाय का ते तपासाया आलतो." ते मला ओलांडून आत आले आणि दार लावून घेतलं. मग खिशातून फोन काढला. नवा, चकचकीत. "ताई, माझा फोन चालंना."

"गावात कोणाचाच चालत नाहीये, अण्णा. तुम्हीच बंद केलंय."

"मला ठाव हाय. पन मला एक बघायचं हाय."

"काय?"

अण्णांनी मान खाली घातली. "धर्मापुरीला बी सप्ताह चालू हाय. त्यांचं कीर्तन लाइव्ह दावतात. ह्या टायमाला रोज बघतो."

"आपलं कीर्तन सोडून?"

"त्यांचा मृदंगवाला लई भारी हाय, ताई." आवाज इतका खाली गेला की शेवटचे शब्द अंदाजाने लिहिते. "आन मंडप किती भरतो ते बी बघावं लागतं. अध्यक्ष म्हनून."

तेव्हा उमगलं : पहिले चार दिवस अण्णा मंडपाच्या मागच्या खुर्चीवर डोळे मिटून तल्लीन बसायचे, ते कानातल्या मृदंगावर. त्यांच्या पुण्याच्या भाच्याने तेच सेटिंग करून दिलं होतं. गावभर जी चोरवाट शोधत होतो तिच्यावरून अध्यक्ष रोज धर्मापुरीला जाऊन येत होते.

मी नाही म्हणेपर्यंत ते माझ्या टेबलापाशी बसले होते. ऑफिसचा संगणक उघडाच होता. धर्मापुरीचा मंडप पडद्यावर आला, गच्च भरलेला, आणि मृदंग सुरू झाला.

प्लायवूडपलीकडून फोनवरच्या पुरुषाचा आवाज आला. त्याने विचारलं, हा कसला आवाज. रेहाना इंग्रजीत म्हणाली, आमच्या गावात धार्मिक सप्ताह आहे. अण्णांचा हात माउसवर थांबला.

"कोन हाय आत?"

मला खोटं सुचलं नाही. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणंही सुदामसारखंच निघालं.

आतल्या माणसाने विचारलं, सध्या काय काम करता. रेहाना सांगू लागली : खतं आणि बियाण्यांचं दुकान, मालाची आवक-जावक, शेतकऱ्यांची हंगामी उधारी. अण्णांचं इंग्रजी बेताचं. पण 'शॉप', 'स्टॉक' आणि स्वतःच्या दुकानाचं नाव त्यांना कळलं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं : अण्णा दार उघडतात, पोरगी कॅमेऱ्यासमोर, नोकरी इकडची गेली, तिकडचीही गेली. मी मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावली.

अण्णांनी आधी मृदंगाचा आवाज शून्यावर आणला. पडद्यावर हात नाचत राहिले, आवाज नाही. मग त्यांनी खुर्ची अलगद भिंतीकडे सरकवली आणि कान लावला.

"काय म्हनती ती?" त्यांनी मला कुजबुजत विचारलं.

"मागच्या खरिपात बियाण्याच्या पिशव्यांचे लॉट मिसळले होते, ते तिने कसे शोधले ते सांगतेय."

"ते तिनंच शोधलं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने : "आता?"

"म्हणतेय, दुकानात संगणक तिने सुरू केला."

"संगणक मी आनला," अण्णा म्हणाले. "तिनं सुरू केला. आनला मी."

"तसंच म्हणतेय, अण्णा. मालकाने घेऊन दिला म्हणाली."

हे तिने म्हटलं नव्हतं. पण एवढं भाषांतरकाराला चालतं.

मग आतल्या माणसाने तो प्रश्न विचारला : तिथली नोकरी का सोडायची आहे. मी अण्णांना सांगितलं नाही, पण त्यांना तो कळला असावा, कारण ते श्वास धरून बसले. रेहाना म्हणाली, मालक चांगले आहेत, काम मी शिकले ते तिथेच. पण तिथे शिकण्यासारखं आता उरलं नाही.

"काय म्हनली?"

"मालक चांगले आहेत म्हणाली." हे खरं होतं.

अण्णा उठले. चपला हातात घेतल्या. जिन्याच्या दारापाशी मला म्हणाले, "मी हितं आलो नव्हतो."

"आणि ती?"

"कोन ती?" ते म्हणाले, आणि अनवाणी जिना उतरले.

शुक्रवारी, सातव्या दिवशी सकाळीच समितीने लिफाफ्याची वाट खुली करायचा ठराव केला. कारण लिहिलं : देणगीच्या कागदाची गैरसोय. पुढच्या वर्षी काय करायचं यावर चर्चा झाली नाही. अण्णा डोळे मिटून होते.

रेहानाची निवड झाली. दिवाळीआधी ती पुण्याला रुजू होईल. तिने मला सांगितलं आणि बजावलं, पत्र हातात पडेपर्यंत अण्णांना कळू द्यायचं नाही. अण्णांनी मला बजावलं, मला ठाऊक आहे हे तिला कळू द्यायचं नाही. "लाजंल पोरगी. आन मला बी कसं तरी वाटंल." त्यामुळे दुकानात सध्या ती काही नसल्यासारखी बसते, आणि अण्णा काही नसल्यासारखे तिला नव्या हंगामाची यादी करायला सांगतात. मी खत घ्यायला गेले की दोघंही माझ्याकडे बघत नाहीत. हा लेख छापून येईल तोवर ती पुण्यात असेल. संपादकांशी मी तसं ठरवून घेतलं आहे. नावं बदलली आहेत, पण घाटनांदूरच्या वाचकांना त्याचा काही उपयोग नाही.

मात्र अण्णांनी एक काम माझ्या यादीत घातलं आहे. तिच्या जागी हिशेबाला चांगला माणूस बघून ठेवायचा, गुपचूप. ते दर आठवड्याला वायर बघायच्या निमित्ताने येतात आणि ओठ न हलवता विचारतात, "मिळालं का कोन?"

मी कोणाला विचारू? घाटनांदुरात एका माणसाला जरी म्हटलं, अण्णांच्या दुकानासाठी हिशेबनीस हवाय, तर तो पहिला प्रश्न विचारेल, मग रेहाना कुठे चालली? संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जाईल. परगावच्या ओळखीच्यांना विचारावं, तर ते घाटनांदुरात फोन करून खात्री करून घेतात. आणि नोकरीच्या साइटवर शोधावं, तर ऑफिसच्या मशीनमधून ते सुदामच्या पडद्यावर येतं. मी स्वतः लिफाफा धरला, तर सुदामला त्याचंच आश्चर्य वाटेल, आणि तेही स्टँडवर.

काम क्रमांक अकरा : अण्णांच्या दुकानासाठी हिशेबनीस शोधणे. अद्याप बाकी.